मिठाच्या बरणीचं सील

सोमवार, ३ मार्च. संध्याकाळ

आजपासून रोजनिशी. लेखी नोंद असली की उद्या कोणाला शब्द फिरवता येत नाही. विमा कंपनीत क्लेम तपासण्यात माझी हयात गेली, त्यातून एवढं एक पक्कं शिकलो: माणूस खोटं बोलतो, छापील कागद बोलत नाही.

आज डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो, दोघंही. बर्फाच्या सहलीसाठी दाखला हवा. सहलवाल्यांची अट आहे: जागा फार उंचावर, त्यामुळे पंचेचाळीसच्या पुढच्या प्रत्येकाने डॉक्टरची सही आणायची. हिचा दाखला दोन मिनिटांत झाला. बाईंनी माझ्या दंडाला पट्टा बांधला. मग दुसऱ्या दंडाला बांधला. मग म्हणाल्या, या बीपीवर मी सही करणार नाही. मीठ बंद, साखर बंद, वजन उतरवा आणि पाच एप्रिलला परत या.

 लग्न झाल्यापासून हिला बर्फ पाहायचाय. फ्रीजमधला नव्हे, आभाळातून पडलेला. दरवर्षी माझं काहीतरी निघालं. पूर आला की पुराचे क्लेम, आग लागली की आगीचे. यंदा लग्नाला पंचवीस वर्षं होतात म्हणून मी स्वतः बुकिंग केलं. बारा एप्रिलला निघायचं. हिने लोकरीचे मोजे आणून कपाटात ठेवलेत. दोन जोड, एक माझा.

निश्चय: महिन्याभरात बीपी खाली. त्यात अवघड काय आहे? भल्याभल्यांना मी खाली आणलंय.

मंगळवार, ४ मार्च. सकाळ

कालच्या जेवणात मीठ नव्हतं. निदान ही तसं म्हणाली. मी चव घेऊन पाहिली, खरंच लागत नव्हतं. पण नवखा माणूस इथेच फसतो. जो क्लेम इतका चोख असतो त्यातच पाणी मुरत असतं. जिचा हात पंचवीस वर्षं न बघता बरणीकडे जातो, तिने एका संध्याकाळीत मीठ सोडलं? विश्वास ठेवायला मी काही आज कामाला लागलेलो नाही.

शिवाय सकाळी हिला शेजारणीच्या दारात पाहिलं. हातात कागदाची पुडी. विचारलं तर म्हणाली, घरातलं सगळं मीठ देऊन टाकलं, डोळ्यासमोर नको. ठीक. मग ओट्यावरची मिठाची बरणी अजून भरलेली कशी? चिनी मातीची आहे, आतलं दिसत नाही, पण मी उचलून पाहिली. चांगली जड आहे. तसं सांगितलं तर म्हणाली, त्यात मीठ नाहीये. मग काय आहे? तर हसली. उत्तर टाळणं ही पहिली खूण.

शेजारीण सामील असावी.

मंगळवार, ४ मार्च. संध्याकाळ

बरणीला सील लावलं. झाकणावरून खालपर्यंत कागदाची पट्टी, चारी बाजूंनी डिंक, वर तारीख आणि माझी सही. जळालेल्या गोदामांना लावतो तसंच. साक्षीदाराची सही लागते. घरात दुसरं कोणी नाही म्हणून हिचीच घेतली. सही करताना म्हणाली, अहो, लावायच्या आधी एकदा उघडून तरी बघा. मी म्हटलं, ज्याच्यावर संशय आहे त्याने तपासाच्या पद्धतीत सूचना करायच्या नसतात. आणि मुद्देमाल उघडला की पुरावा गेला.

हिने मान डोलावली आणि भोपळा चिरायला बसली. फार शांत वाटली. नोंद करून ठेवतो.

गुरुवार, ६ मार्च. दुपार, ऑफिसात

मोठा शोध लागला. ऑफिसच्या खाली जिथे चपलांचं दुकान होतं तिथे खाण्याचं नवीन दुकान उघडलंय. सगळं हिरवं. पाटी हिरवी, एप्रन हिरवे, दारात तीन झाडं (मी हात लावून पाहिला, पैकी एक खरं आहे). टेबलं न रंगवलेल्या लाकडाची. हात पुसायचे कागद तपकिरी आणि खरखरीत. जिथे कागद असा असतो तिथे फसवाफसवी नसते, गुळगुळीत कागद दिसला की मी सावध होतो.

एक गार्डन बोल घेतला. पाला, मका, चीज, वर कुरकुरीत काहीतरी. सोबत भाज्यांचं सूप आणि मल्टिग्रेन पाव. प्रत्येक वस्तूवर पान छापलेलं. ड्रेसिंगच्या पाकिटावर स्वच्छ लिहिलंय: लाइट. सुपाच्या कपावर: निसर्गातून थेट. छापील शब्द आहे, कोर्टात टिकेल असा. घरच्या भाजीवर असं काय लिहिलेलं असतं? काही नाही.

आणि चव! महिन्याने माणसांत आल्यासारखं वाटलं. (तीनच दिवस झालेत, पण वाटलं.)

शेजारच्या टेबलावर बसणारा काडी आज पुन्हा तळलेल्या बटाट्याचा पुडा घेऊन आला होता. हाडं मोजता येतात म्हणून त्याला सगळे काडी म्हणतात. मला म्हणाला, घे एक. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. एकाच बटाट्याने बीपी कुठल्या कुठे जाईल. या वयात मित्रच घात करतात.

रविवार, ९ मार्च. सकाळ

वजन एक किलो वाढलं.

काटा न्हाणीघरात होता. तिथली फरशी उतरती आहे, पाणी जायला. उतरत्या फरशीवर वजन जास्त दाखवणारच. बाहेरच्या खोलीत नेला, तरी तेच. मग सतरंजीवर ठेवला. चार किलो कमी. दोन्हींची सरासरी काढून लिहिलं. म्हणजे वजन एक किलो उतरलं.

हिने आजही चहात साखर नाही घातली. साखरेचा डबाही दिसेना. म्हणाली, संपली. संपली की संपवली? साखरेची चौकशी नंतर. आधी मीठ.

बुधवार, १२ मार्च. दुपार

एका बोलने पोट भरत नाही. पण पाला कितीही खाल्ला तरी पालाच, म्हणून दोन घेतो. ड्रेसिंग लाइट असल्यामुळे एकाऐवजी तीन पाकिटं. जड असतं तर एकच घेतलं असतं. वर एक डिटॉक्स स्मूदी, शरीरातली घाण काढायला. ती गोड आहे, पण गोडवा फळांचा. तसं फळांचं चित्र आहे पेल्यावर.

हिरव्या एप्रनवाली मुलगी आता मला ओळखते. मेंबर करून घेतलं. दहा सुपांवर एक फुकट. आरोग्याची कोणाला तरी किंमत आहे.

आज एक क्लेम नाकारला. बेकरीवाले म्हातारबा. भट्टीला तडा गेला, कामधंदा बंद. पॉलिसीत भट्टी येते, पण तळटिपेत लिहिलंय की भट्टीच्या आतल्या विटा येत नाहीत. तडा विटांना. म्हातारबा म्हणाले, साहेब, एवढं बारीक कोण वाचतं? मी म्हटलं, जो वाचत नाही त्याची जबाबदारी. पत्रातला शेवटचा परिच्छेद माझा स्वतःचा आहे, सगळं ऑफिस तोच वापरतं: 'तळटीप वाचण्याची संधी आपणास होती.'

सोमवार, १७ मार्च. संध्याकाळ

ऑफिसातून येताना हिच्यासाठी सूप आणलं. म्हटलं, चांगल्या गोष्टी घरात यायला हव्यात, आणि तपासाचा राग नको. हिने एक चमचा घेतला, चेहरा वाकडा केला आणि म्हणाली, अहो, केवढं खारट आहे हे.

खारट! मला तर अगदी साधं लागतं ते. समजलं. माझं मन दुसऱ्याच्या स्वयंपाकावर बसलंय हे बाईमाणसाला सहन होत नाही. उरलेलं सूप मीच संपवलं. मग हिचं वाईट वाटू नये म्हणून हिचा भोपळाही खाल्ला, दोन घास. ताटातलं उरलेलं हिने झाकून ठेवलं. ती स्वतःही तेच अळणी खाते. म्हणजे माझ्यासमोर तरी खाते.

शुक्रवार, २१ मार्च. सकाळ

बीपीचं मशीन विकत आणलं. डॉक्टरीणबाईंपेक्षाही जास्त दाखवतं. काडीच्या दंडाला लावलं, त्याचं अगदी नॉर्मल. बटाटे खातो तरी! त्यावरून मशीन बिघडलंय हे सिद्ध होतं. मोठ्या साहेबांनाही लावून बघू का विचारलं. ते म्हणाले, तुमच्याकडे फाइली कमी आहेत का?

हल्ली तहान फार लागते. पाणी पिणं चांगलं. पायातले बूट आवळतात, चांभाराने मागच्या वेळी शिवण मारताना आत घेतले असणार. अंगठी बोटातून निघेना. साबण लावूनही नाही. सोनं हवेने आटतं का, हे सोनाराला विचारायला हवं. सरळ उत्तर देईल असं वाटत नाही.

मंगळवार, २५ मार्च. सकाळ

ही माझ्या ताईकडे गेली होती, औषधं पोचवायला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. तेवढ्यात स्वयंपाकघराची झडती घेतली.

बरणीचं सील शाबूत. डिंकसुद्धा हललेला नाही. मग बाकीचे डबे, फडताळ, माळा, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात, गॅसच्या शेगडीखाली. कुठेही मीठ नाही. एक खडा नाही.

एखाद्या घरात इतकं काहीच न सापडणं नैसर्गिक नाही. ही किती पक्की आहे ते आज कळलं.

परत आल्यावर हिने माझ्या बाहीवरचं पीठ झटकलं. 

सोमवार, ३१ मार्च. दुपार

वर्षअखेर. फाइलींचा डोंगर. जेवायला उठता येत नाही म्हणून फिटनेस रॅप टेबलावरच मागवतो. ऑफिसातल्या सात जणांना मी हिरव्या दुकानाचं वळण लावलं. एक काडीच तेवढा येत नाही. म्हणतो, अरे, त्या पाल्यावर ते जे काय ओततात ते बघितलंस का? बटाटे खाणाऱ्याने मला सांगावं.

मेंबर कार्डावर आतापर्यंत चार सुपं फुकट झाली. म्हणजे नक्की किती घेतली, तो हिशेब आज नको, कामं आहेत.

आज वजन सतरंजीवरसुद्धा वाढलं. सतरंजी दबली असावी.

आता शंका उरली नाही. बाहेर मी पाला खातो. घरी मी दोन घास खातो. तरी आकडे चढतात. तर मग त्या दोन घासांत काय आहे?

शुक्रवार, ४ एप्रिल. संध्याकाळ

हिला समोर बसवून विचारलं. सरळ, नियमाप्रमाणे, आवाज न चढवता. मीठ कुठून आणतेस? कधी घालतेस? शेजारणीचा वाटा काय?

 ही म्हणाली, पंचवीस वर्षांत तुम्ही माझ्या स्वयंपाकाबद्दल पहिल्यांदाच काही विचारताय. एवढंच बोलली आणि सहलीच्या बॅगेत कपडे भरायला लागली. माझे पण भरले. लोकरीचे मोजे वर ठेवले, लगेच हाताला लागावेत म्हणून.

क्षणभर वाटलं, जाऊ दे. पण तपास अर्धवट सोडणं माझ्या रक्तात नाही. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाताना पुरावा घेऊन जाणार. कालची भाजी, आजची भाजी, आजची आमटीवजा पातळ डाळ, असे तीन छोटे डबे भरून फ्रीजच्या मागच्या बाजूला ठेवले, चिठ्ठ्या लावून. न्यायला हिरव्या दुकानाची कागदी पिशवी घेतली. मजबूत असते.

उद्या सत्य बाहेर येईल आणि सहीही मिळेल. खरा अपराधी सापडल्यावर बाई सही थोडीच अडवतील?

शनिवार, ५ एप्रिल. दुपार

लिहायला हात वळत नाही. पण नोंद ती नोंद.

बीपी तीन मार्चपेक्षा जास्त. वजनही. बाईंच्या काट्याखाली सतरंजी नव्हती. ही बाजूच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती, आत तो सहलीचा फॉर्म, सहीसाठी.

बाईंनी विचारलं, काय काय खाता? मी म्हटलं, शब्द कशाला, मुद्देमालच आणलाय. पिशवीतून तिन्ही डबे काढून टेबलावर मांडले. चिठ्ठ्या वाचून दाखवल्या: तारीख, वेळ, कोणी शिजवलं. सांगितलं की यात कुठेतरी मीठ आहे, माझ्या नजरेतून सुटतंय, लॅबमध्ये पाठवा.

हिने त्या डब्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं नाही.

बाईंनी एका डब्यात चमचा घालून चव घेतली. म्हणाल्या, यात काहीच नाहीये हो. मग पिशवीत वाकून बघितलं, आणखी काय आहे म्हणून. तळाला परवाचा सुपाचा कप होता आणि लाइट ड्रेसिंगची दोन पाकिटं, एक फाडलेलं, एक तसंच. मी म्हटलं, ते नाही, ते हेल्दी आहे. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पाकीट डोळ्याजवळ नेलं आणि उलटं केलं.

उलटं. गेला महिनाभर मी ते पाकीट फाडतोय, उलटं करून पाहिलं नव्हतं.

बाई मोठ्याने वाचत गेल्या. सोडियम, तेल, साखर. हे सगळे आकडे एका सर्व्हिंगचे. एक सर्व्हिंग म्हणजे एक चमचा. पाकिटात सर्व्हिंग किती, तर तीन. आणि मी पाकिटं घेतो किती, तर तीन. लाइट कशाच्या मानाने? तर यांच्याच नेहमीच्या ड्रेसिंगच्या मानाने, असं खाली फुलीची खूण करून दिलेलं. सुपाचा कप घेतला. एका कपात सर्व्हिंग अडीच. दिवसभराचं जेवढं मीठ चालेल त्यातलं बहुतेक त्या एका कपात, आणि मी ते पाण्यासारखं पीत होतो.

मी हरकत घेतली. कप एक असेल तर माणूस एकच धरणार, अडीच कोण धरतं? सर्व्हिंगची व्याख्या इतक्या बारीक अक्षरात कोण वाचतं?

बाई हसल्या. म्हणाल्या, तीन वर्षांपूर्वी दवाखान्याची काच फुटली होती तेव्हा मीही तुम्हाला हेच विचारलं होतं. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य अजून पाठ आहे माझ्या. आणि म्हणून दाखवलं, माझंच, शब्द न शब्द.

मला काचेचा क्लेम आठवतो. चौकट पॉलिसीत येत होती, तिच्यातली काच नाही. पण ते वेगळं प्रकरण आहे.

सही मिळाली नाही. गोळ्या लिहून दिल्या. बाई हिला म्हणाल्या, तुमचं बीपी तर मागच्यापेक्षाही छान आहे, काय करता? ही म्हणाली, काही नाही, यांच्यासाठी करते तेच मी खाते.

रिक्षात ही डबे मांडीवर घेऊन बसली होती. चिठ्ठ्या एकेक करून सोलून काढत होती. मी म्हटलं, रागावलीस का? म्हणाली, राग नाही आला. डॉक्टरांसमोर लाज वाटली. भोपळ्याच्या डब्यावर माझं नाव लिहून आणलंत तुम्ही.

 

सोमवार, ७ एप्रिल. दुपार

हिरव्या दुकानात चौकशीला गेलो. तक्रार नोंदवायला. नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून एक छोटा बोल घेतला, ड्रेसिंग बाजूला. मुलीला म्हटलं, तुम्ही हे पुढे का छापत नाही? ती म्हणाली, पुढे पान आहे ना सर. खरं आहे. पुढे जागा नाही.

ड्रेसिंग बाजूला होतं. मग शेवटी घातलं. वाया जायला नको.

प्रिंटिंगची चूक असण्याचीही शक्यता आहे. तीही तपासायला हवी.

गोळ्या सुरू केल्यात. बारा तारखेपर्यंत खाली येईलच. मग बाईंकडे परत जाऊ. अजून पाच दिवस आहेत.

गुरुवार, १० एप्रिल. सकाळ

बाई म्हणाल्या, असं पाच दिवसांत होत नसतं.

हिला म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. ही म्हणाली, पुढच्या वर्षी पूर येईल नाहीतर आग लागेल. आवाजात रुसवा नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. मग म्हणाली, मी ठरवलंय. मी जाते. तुमच्या जागी ताईंना नेते, सहलवाल्यांशी बोलले, नाव बदलून देतात.

मी म्हटलं, ताईला दाखला कोण देणार, ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. ही म्हणाली, काल दिला.

म्हणजे हे कालपासून चाललंय आणि मला पत्ता नाही. माझ्या घरात, माझ्या बहिणीशी संगनमत. एरवी मी हे लगेच ओळखलं असतं. बीपीने नजर अधू झाली असावी.

शनिवार, १२ एप्रिल. सकाळ

गेल्या. स्टॅंडवर पोचवायला गेलो होतो. माझे मोजे ताईला बरोबर बसले. ताई मला म्हणाली, काय रे, मीठ सापडलं का? सगळ्यांना सांगितलेलं दिसतंय.

ही खिडकीत बसली होती. काच वर करून म्हणाली, फ्रीजमध्ये आठवड्याचं करून ठेवलंय, नुसतं गरम करा. गोळ्या टेबलावर. गाडी हलल्यावर हात केला. आधी मला वाटलं, शेजारच्या गाडीतल्या कोणाला करतेय. मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

निश्चय: ही परत येईपर्यंत फक्त घरचं. हिरव्या दुकानाकडे बघायचंसुद्धा नाही. मेंबर कार्ड कात्रीने कापलं. (एक फुकट सूप बाकी होतं. असो.)

मंगळवार, १५ एप्रिल. दुपार

तीन दिवस निभावलं. फक्त घरचं. भोपळा, डाळ, उकडलेल्या शेंगा. प्रत्येक डब्यावर हिच्या अक्षरात चिठ्ठी: मंगळवार, दुपार. बुधवार, दुपार. चिठ्ठ्या लावायची पद्धत माझ्याकडून उचलली.

आज टोमॅटोचं सूप होतं. तोंडात घातलं आणि धीर सुटला. चव म्हणून नाही. ओट्यावर बरणी होतीच. विचार केला, एक चिमूट. महिनाभर पुरावा म्हणून ठेवलाय, आता खटलाच उरला नाही तर पुरावा ठेवून करायचं काय? आणि मीच लावलेलं सील मी काढू शकतो, तसा नियम आहे.

पट्टी फाडली. एक चिमूट म्हणता म्हणता दोन घातल्या. पांढरं, बारीक. ढवळून चमचाभर प्यालो.

गोड.

पुन्हा चव घेतली. बरणीत बोट घालून चाटलं. पिठीसाखर. डॉक्टरीणबाईंनी साखर बंद केली त्याच दिवशी हिने ती माझ्यापासून लपवली होती, मी मिठाच्या बरणीला हात लावणार नाही अशा हिशेबाने. त्यावर मी सील लावलं. साक्षीदार म्हणून तिचीच सही घेतली. मुद्देमाल न बघता सील लावू नये, हे नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी शिकवतो.

म्हणजे घरात मीठ नव्हतंच. चार मार्चपासून एक कणही नाही. जसं ती सांगत होती तसंच. आणि तिला कोणी बंद केलेलं नसताना ती रोज माझ्यासमोर बसून ते अळणी जेवली. मी तिच्यावर नजर ठेवून होतो आणि ती माझ्याबरोबर जेवत होती.  

संध्याकाळी

नवी पट्टी कापली. जुनी तारीख घातली. ही परत येईल तेव्हा सील शाबूत दिसायला हवं. माझी सही केली. मग साक्षीदाराची. हजारो लोकांच्या सह्या मी जुळवून पाहिल्या असतील, खरी कोणती आणि खोटी कोणती ते लांबून सांगतो. हिच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि थांबलो. पुढे ती कसं वळण घेते ते आठवेना. जुनी पट्टी बघून काढली असती, पण ती फाडताना नेमकी तिच्या सहीतून फाटली.

पट्टी टाकून दिली. बरणी उघडीच ठेवलीय.

आत्ता ताईने फोटो पाठवला. ही गुडघाभर पांढऱ्यात उभी आहे, टोपी डोळ्यांवर आलेली, हसतेय. अशी हसताना मी तिला कधी पाहिलं होतं ते सांगता येणार नाही. दोन्ही हात पुढे केलेत, ओंजळ भरून काहीतरी पांढरं धरलंय, मला दाखवायला.

पहिल्यांदा वाटलं, मीठ.

फोटो मोठा करून पाहिला. बर्फच आहे.